‘बोला’ म्हटल्यानंतरची दोन मिनिटं

या महिन्यात आलेली तीन पत्रं एकाच क्षणाबद्दल आहेत. दार उघडून अनोळखी माणूस तपासणीच्या खोलीत येतो, खुर्चीत बसतो आणि कुणीतरी पहिलं वाक्य बोलायचं असतं, तो क्षण. एक पत्र तरुण डॉक्टरचं, एक फिजिओथेरपिस्टचं आणि एक रुग्णाचं आहे. तिन्ही इथे एकत्रच घेतली आहेत.

प्रश्न : मॅडम, पदवी मिळून मला आठ महिने झाले. सध्या एका रुग्णालयाच्या ओपीडीत बसतो. जुने रुग्ण आले की जमतं, पण नवा रुग्ण समोर बसला की माझी सुरुवात चुकते. मी ‘काय होतंय?’ विचारतो, ते म्हणतात ‘डोकं दुखतंय’, की लगेच माझं सुरू होतं : किती दिवस, कुठल्या बाजूला, उलटी होते का. पाच मिनिटांत केसपेपर भरतो आणि तरी या माणसाचं काहीतरी ऐकायचं राहिलं असं वाटत राहतं. वरिष्ठ म्हणतात, रुग्णाला मोकळं सोडलंस तर इथेच संध्याकाळ होईल. पहिलं वाक्य नेमकं काय असावं?

उत्तर : तुम्हाला जे राहून गेल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा खरंच राहिलेलं असतं. मला हे प्रॅक्टिसच्या सहाव्या वर्षी कळलं, आणि ते कसं कळलं हे आधी सांगते.

साठीच्या आसपासच्या एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. बसता बसता म्हणाल्या, ‘गुडघे फार दुखतात हो.’ मी तो शब्द झेलला आणि धावत सुटले. कुठला गुडघा, सूज येते का, सकाळी आखडतो का, मांडी घालता येते का. त्या एकेका प्रश्नाचं नीट उत्तर देत होत्या. मी गुडघे तपासले, व्यायाम समजावला, औषध लिहिलं. त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली, दाराच्या कडीला हात घातला आणि वळून म्हणाल्या, ‘आणि ते जिना चढताना जबडा भरून येतो, ते गुडघ्यामुळेच ना?’

मी त्यांना परत बसवलं. चार-पाच दिवसांपासून पहिल्या मजल्यापर्यंत चढलं की खालचा जबडा आणि डावा खांदा जड व्हायचा, दोन मिनिटं थांबलं की उतरायचा. त्या वेळी काढलेला ईसीजी साफ होता. पण चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं गुडघ्याचं नव्हतंच. त्याच दिवशी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि एका मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा सापडला. नंतर भेटल्यावर मी विचारलं, ‘हे सुरुवातीलाच का नाही सांगितलंत?’ त्या अगदी सरळपणे म्हणाल्या, ‘सांगणारच होते. तुम्ही गुडघ्याचं विचारायला लागलात, मग मला वाटलं तेच महत्त्वाचं असेल.’

गुडघा त्यांच्या वाक्याची सुरुवात होती आणि मी ते वाक्य तिथेच तोडलं होतं. कडीला हात घातल्यावर त्या बोलल्या नसत्या तर काय झालं असतं, हा विचार अजूनही माझ्या मनातून जात नाही.

असं वागणारी मी एकटी नव्हते, हे पुढे वाचनात आलं. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी १९८४ साली ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला तोडत होते आणि जेमतेम २३ टक्के भेटींत रुग्णाला आपलं म्हणणं पुरं करता आलं होतं. १९९९ साली तसाच दुसरा अभ्यास झाला, तेव्हा १८ चे २३ सेकंद झाले होते. पण त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा आकडा वेगळा आहे. ज्यांना पुरं बोलू दिलं त्यांना इतरांपेक्षा सरासरी फक्त ६ सेकंद जास्त लागले होते.

तुमच्या वरिष्ठांच्या ‘संध्याकाळ होईल’ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या डॉक्टरांनी २००२ साली थेट उत्तर दिलं आहे. त्यांनी ३३५ नव्या रुग्णांना मध्ये न अडवता बोलू दिलं आणि रुग्णाच्या नकळत घड्याळ लावलं. सरासरी ९२ सेकंद. दर १०० मधले ७८ जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. पाच मिनिटांच्या पुढे गेले ते ३३५ पैकी ७ जण, आणि ते सांगत होते ते महत्त्वाचंच होतं, असं त्यांच्या डॉक्टरांचं मत पडलं. तुमच्या ओपीडीत गर्दी आहे हे मला मान्य आहे. मीही तशाच गर्दीत बसले आहे. पण जबड्याचं दुखणं दारातून परत आणायला जो वेळ जातो, तो या दीड मिनिटापेक्षा कितीतरी जास्त असतो.

आता तुमचा प्रश्न, पहिलं वाक्य. आपल्या भाषेत ते तयार आहे : ‘बोला.’ किंवा ‘सांगा, काय काय होतंय?’ त्यातला दुसरा ‘काय’ गाळू नका. ‘काय होतंय?’ला लोक एक तक्रार सांगतात, ‘काय काय होतंय?’ म्हटलं की त्यांना कळतं की इथे एकाहून जास्त गोष्टी सांगायची मुभा आहे. ‘कसे आहात?’ने मात्र सुरुवात करू नका. त्याचं उत्तर आपल्या तोंडात बसलेलं आहे : ‘बरंय.’ वेदनेने वाकलेला माणूसही सवयीने ‘बरंय’ म्हणतो आणि मग आजाराचं बोलायला त्याला पुन्हा धीर गोळा करावा लागतो. चिठ्ठी किंवा फाइल वाचून ‘डोकेदुखीसाठी आलात ना?’ असंही नको. त्यावर माणूस ‘हो’ म्हणतो आणि बाकीचं गिळतो. फाइल जरूर आधी वाचा, आणि वाचली आहे हे सांगाही : ‘तुमचे कागद मी पाहिलेत, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.’

मग गप्प बसायचं. वाक्य निवडण्यापेक्षा हे अवघड आहे. रुग्ण पहिलं वाक्य बोलून थांबतो, तुमच्याकडे बघतो. आपल्याला वाटतं, झालं सांगून. झालेलं नसतं. तो अंदाज घेत असतो. तीन-चार सेकंद मान हलवत, ‘हं’ म्हणत थांबलात की दुसरं वाक्य येतं, आणि माझा अनुभव असा की ज्यासाठी माणूस घरून निघालेला असतो ते बरेचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्यात असतं. हात पेनाकडे जातोच, म्हणून मी सरळ सांगते, ‘आधी दोन मिनिटं मी नुसतं ऐकते, मग लिहायला घेईन.’ संगणक असेल तर त्याची मान बाजूला वळवून ठेवते.

ते थांबले, की ‘आणखी काही?’ असं विचारू नका. या ‘काही’त ‘नसेलच’ असं ऐकू येतं आणि लोक ‘नाही, नाही’ म्हणून मोकळे होतात. ‘आणखी काय सांगायचंय?’ म्हणा. हा शब्दांचा कीस वाटेल, पण इंग्रजीत अशाच एका शब्दाच्या फरकावर जॉन हेरिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अभ्यास केला. ‘नसेलच’कडे झुकणारा प्रश्न आणि ‘असेल’कडे झुकणारा प्रश्न त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नामुळे सांगायच्या राहून गेलेल्या तक्रारी ७८ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि भेटीचा वेळ काही लक्षणीय वाढला नाही. ‘आणखी काय?’ हे मी दोनदा विचारते. दोन्ही वेळा खरंच उत्तर हवं असल्यासारखं थांबते. मग मोजून सांगते : ‘म्हणजे गुडघे, जबडा आणि झोप. यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचं वाटतं?’ सगळं एका भेटीत होत नाही, हे तेव्हाच बोलता येतं आणि कुणाला वाईट वाटत नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. रुग्णाचं पहिलं वाक्य केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहा. आपण फार लवकर भाषांतर करतो. ‘चक्कर येते’ ऐकलं की आपण व्हर्टिगो, म्हणजे गरगरणं, लिहितो. ‘चक्कर म्हणजे नक्की काय होतं?’ असं विचारलं तर एक जण सांगतो खोली गरगर फिरते, दुसरा सांगतो डोळ्यांपुढे अंधारी येते, तिसरा म्हणतो फिरत काही नाही, पाय ठरत नाहीत. पहिल्याचा कान बघायचा, दुसऱ्याचं रक्तदाब आणि हृदय, तिसऱ्याच्या नसा आणि मेंदू. तिघांच्या कागदावर एकच शब्द लिहिला की तिघांची वाट चुकते. ‘जीव घाबरतो’चंही तसंच. ती धडधड असेल, दम असेल, भीती असेल, छातीतला दाब असेल. आणि ‘कसंतरी होतंय’ हे तर नव्या रुग्णाचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे, कारण काय होतंय ते त्याला खरोखर नाव देऊन सांगता येत नसतं. त्याला ‘टेन्शन आहे का?’ हे औषध लगेच लावू नका. ‘कसंतरी म्हणजे कसं? शेवटचं झालं तेव्हा तुम्ही काय करत होतात?’ असं विचारा. प्रसंग सांगता सांगता त्याला शब्द सापडतात.

आणि हे सगळं आपुलकीसाठी आहे असं समजू नका, निदानही इथेच होतं. १९७५ साली इंग्लंडमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ८० नवे रुग्ण पाहिले. त्यांतल्या ६६ जणांच्या बाबतीत आधीच्या डॉक्टरचं पत्र वाचून आणि रुग्णाची हकिगत ऐकून ठरवलेलं निदान शेवटपर्यंत कायम राहिलं. अंगाला हात लावून केलेल्या तपासणीने निदान बदललं ७ जणांचं, प्रयोगशाळेच्या तपासण्यांनी आणखी ७ जणांचं. आज हाताशी कितीतरी जास्त यंत्रं आहेत. पण कुठलं यंत्र लावायचं हे अजूनही त्या ऐकलेल्या हकिगतीवरूनच ठरतं.

‘बोला’च्या आधीचंही थोडं सांगते, कारण तुमच्या पत्रात ते नाही. तुम्ही स्वतःचं नाव सांगता का? ब्रिटनमधल्या डॉक्टर केट ग्रेंजर २०१३ साली कर्करोगाच्या रुग्ण म्हणून रुग्णालयात पडून होत्या. खाटेशी येणारी बरीच माणसं स्वतःचं नावही सांगत नाहीत, हे त्यांना डॉक्टर असूनही तिथे पहिल्यांदा इतकं बोचलं. ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढ्याच वाक्याची मोहीम त्यांनी सुरू केली आणि २०१६ साली त्या गेल्या तोवर ती अनेक देशांत पोचली होती. नाव आणि काम दोन्ही सांगा : ‘मी डॉक्टर अमुक, आज तुम्हाला मी तपासणार आहे.’ मग त्यांचं नाव विचारा. ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारलं तर कमी ऐकू येणारा किंवा घाबरलेला माणूस दुसऱ्याच्या नावालाही मान डोलावतो. ‘तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगता का?’ म्हटलं तर चुकीचा कागद समोर असेल तर तिथल्या तिथे कळतं. ‘आजोबा’, ‘काकू’ ही हाक त्यांनी स्वतः सुचवली तरच वापरा. कित्येक साठीच्या माणसांना ‘आजोबा’ ऐकून काय वाटतं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. ‘तुम्हाला काय म्हणू?’ हे विचारणं सोपं आहे.

आणि बसा. वॉर्डात नवा रुग्ण बघायला गेलात तरी स्टूल ओढून बसा. अमेरिकेत कॅन्ससमध्ये मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या १२० रुग्णांवर हे करून पाहिलं होतं, २०१२ साली अहवाल छापून आला. उभे राहिलेले डॉक्टर सरासरी दीड मिनिटाच्या आसपास थांबले, बसलेले साधारण एकच मिनिट. रुग्णांना मात्र बसलेले डॉक्टर पाच मिनिटं होते असं वाटलं, उभे असलेले पावणेचार. घाईच्या ओपीडीतल्या माणसाला याहून उपयोगी दुसरं काही मला माहीत नाही.

यातलं काहीच करायचं नाही अशी एक वेळ असते. समोरचा धापा टाकतोय, ओठ निळे पडलेत, रक्त वाहतंय, तिथे ‘बोला, काय काय होतंय?’ नको. तिथे हो-नाहीत उत्तर देता येईल असे छोटे प्रश्न, आणि हात कामाला. श्वास ताळ्यावर आला की मग खुर्ची ओढा आणि तुमचं नाव तेव्हा सांगा.

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे लकवा झालेले, पडून हाड मोडलेले वयस्क लोक येतात, आणि बहुतेकांना घरचं कुणीतरी घेऊन आलेलं असतं. मी रुग्णाला विचारते आणि उत्तर मुलगा किंवा सून देते. रुग्ण गप्पच. त्यांना तोडलं तर ते दुखावतात. अशा वेळी संवाद कुठून सुरू करावा?

उत्तर : खुर्च्यांपासून. रुग्णाची खुर्ची तुमच्या जवळची, समोरासमोर ठेवा, सोबतच्याची थोडी मागे आणि बाजूला. जिच्याकडे तुमचे गुडघे वळलेले असतात ती व्यक्ती बोलते, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. अंगाची भाषा तुम्ही माझ्यापेक्षा चांगली वाचता.

रुग्णाला नमस्कार आधी, सोबतच्याला नंतर. मग रुग्णालाच विचारा, ‘तुमच्याबरोबर कोण आलंय?’ ‘ही मुलगी का तुमची?’ असा अंदाज करू नका. ती बायको निघाली तर पुढची पंधरा मिनिटं वाया. शिवाय या प्रश्नाचं उत्तर रुग्णाला येतंच, त्यामुळे खोलीतला पहिला आवाज त्यांचा होतो. लकव्यानंतर शब्द अडखळत असतील तरी ‘सून’ एवढं ते म्हणू शकतात, किंवा बोट दाखवू शकतात, आणि तुम्हाला त्यांच्या बोलण्याचा पहिला अंदाजही मिळतो.

सोबतच्यांना तोडू नका, त्यांना वेळ नेमून द्या. ‘तुमचं मला हवंच आहे, घरी तुम्हीच बघता सगळं. आधी यांचं ऐकते, मग तुमचं.’ आणि दिलेला शब्द पाळा. महिनोन् महिने उठवणं-बसवणं करून तेही थकलेले असतात. आपली पाळी येणार आहे हे कळलं की ते शांत बसतात.

रुग्ण तरीही गप्प राहिले तर दुखण्याचा प्रश्न सोडा. विचारा, ‘हे व्हायच्या आधी दिवस कसा जायचा तुमचा?’ माझ्या एका सहकारी फिजिओथेरपिस्टकडे असे एक गृहस्थ येत. दोन भेटी फक्त मान हलवली. तिसऱ्या भेटीत तिने हा प्रश्न विचारला. ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘पत्रं लिहायचो.’ मुलाला वाटत होतं बाबांना चालायचंय. बाबांना पेन धरायचं होतं. त्या दिवसापासून व्यायामाची सुरुवात बोटांपासून झाली.

सोबत आलेला माणूस सतत आडवा येत असेल, रुग्ण त्याच्याकडे बघूनच उत्तर देत असेल, अंगावर न पटणारे वळ असतील, तर तपासणीचं कारण सांगून पाच मिनिटं रुग्णाला एकटं भेटा. पहिल्याच भेटीत भेटा.

प्रश्न : मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. नव्या डॉक्टरकडे गेले की ते ‘बोला’ म्हणतात आणि माझी पाटी कोरी होते. बाहेर आल्यावर सगळं आठवतं. काय करू?

उत्तर : ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते ते पहिल्या वाक्यात सांगा. लाजेचं असेल तर तेच आधी सांगा. लोक साध्या तक्रारीपासून सुरू करतात आणि भीतीची गोष्ट शेवटी ठेवतात, आणि शेवट कधी कधी येतच नाही. मी वर सांगितलेल्या बाईंनी नेमकं तेच केलं होतं, आणि ऐकायला मीही कमी पडले होते.

घरीच एका कागदावर तीन ओळी लिहून न्या : काय होतंय, कधीपासून, आणि तुम्हाला स्वतःला कशाची शंका येते. ही तिसरी ओळ लोक गाळतात, डॉक्टरांना राग येईल म्हणून. ‘माझ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर होता, मला तीच भीती वाटतेय’ हे मला पहिल्या मिनिटाला कळलं तर माझे पुढचे सगळे प्रश्न बदलतात. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नावं पाठ करत बसू नका. रिपोर्टची फाइल मात्र मांडीवर ठेवा. ती टेबलावर सरकवली की आम्ही कागद वाचायला लागतो आणि तुमच्याकडे बघायचं राहतं. डॉक्टर मागतील तेव्हा द्या.

आणि डॉक्टरांनी मध्येच तोडलं, तर ‘मला अजून एक सांगायचंय’ असं म्हणा. बसलेल्या असतानाच म्हणा, दारापर्यंत जाऊ नका.